नाडीवर बांधलेला ठेका : प्रकल्पाच्या नोंदी

५ फेब्रुवारी २०२४, अंबाजोगाई

आजपासून ही वही सुरू करीत आहे. माणसाची नाडी यंत्राने वाचावी, तिच्या गतीशी जुळणारा पखवाजाचा किंवा तबल्याचा ठेका आणि सोबत तंबोरा त्याच वेळी त्याच्या कानी घालावा, आणि अशा वीस मिनिटांच्या बैठकांनी धडधड, चिडचिड, झोपेची तक्रार यांत काही फरक पडतो का ते पाहावे, असा प्रकल्पाचा हेतू आहे. पदार्थविज्ञान शिकविणारा मी, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारे दोन विद्यार्थी, शेजारच्या गावातील भजनी मंडळात पखवाज वाजविणारे महाराज आणि सल्ल्यासाठी एक निवृत्त डॉक्टर एवढीच आमची मंडळी आहेत. पैसा बेताचा आहे. पण पखवाज घरचा आहे आणि महाराजांचा हात तयार आहे.

पहिल्याच बैठकीत मूळ प्रश्न पुढे आला. ठेक्याने नाडीच्या मागे चालायचे, की ठेका किंचित संथ ठेवून नाडीला आपल्याकडे वळवायचे? विद्यार्थ्यांचा कल दुसऱ्या बाजूला होता, कारण संथ संगीताने मन शांत होते हा सर्वांचाच अनुभव आहे. महाराजांचे म्हणणे असे पडले की कीर्तनात बुवा लय धरतात आणि मृदंग ती सांभाळतो. मृदंगाने बुवांना ओढायला सुरुवात केली की कीर्तन विस्कटते. दोन्ही मते लिहून ठेवली आहेत. निर्णय मोजणीने व्हावा.

१४ फेब्रुवारी

नाडी वाचण्यासाठी मॅक्स ३०१०२ हा संवेदक आणि ईएसपी ३२ हे बोर्ड घेतले आहे. संवेदकात ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८८० नॅनोमीटरचा अवरक्त असे दोन दिवे व शेजारी प्रकाश मोजणारा डायोड असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी बोटाच्या पेरातील रक्त क्षणभर वाढते, ते रक्त अधिक प्रकाश शोषते, आणि परत येणारा प्रकाश तेवढाच घटतो. ही घट एकूण प्रकाशाच्या साधारण एक-दोन टक्केच असते, त्यामुळे हात जरा हलला तरी ठोका हरवतो. सेकंदाला १०० वेळा मोजणी ठेवली आहे, म्हणजे दोन ठोक्यांमधील अंतर १० मिलिसेकंदांच्या बारकाईने हाती येते. लय धरायला तेवढे पुष्कळ झाले.

मनगटी घड्याळांत हिरवा दिवा असतो. आम्ही अवरक्त दिवा निवडला, कारण त्वचेतील रंगद्रव्य हिरवा प्रकाश जास्त आणि अवरक्त कमी शोषते, आणि आमच्याकडे येणारी माणसे उन्हातान्हात राबून रापलेली आहेत. मात्र उन्हातही अवरक्त प्रकाश भरपूर असतो. खिडकीजवळ बसले की आलेख वर सरकतो. बोटावर काळ्या कापडाची टोपी शिवून घालताच तो जागेवर आला.

महाराजांच्या उजव्या हाताच्या बोटांवर मात्र काहीच नीट येईना. आयुष्यभराच्या वादनाने पेरांवर घट्टे पडले आहेत आणि त्या जाड कातडीखालून नाडीची लाट फारच क्षीण होऊन येते. कानाच्या पाळीला चिमट्याने संवेदक लावला आणि पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ आलेख उमटला. खुरपे, नांगर, विळा धरणाऱ्या हातांचीही हीच अडचण होणार हे उघड आहे. यापुढे बोट दुय्यम आणि कानाची पाळी मुख्य.

२२ फेब्रुवारी

आज विलंबाचा हिशेब केला. हृदयाच्या विद्युत् संकेतापासून नाडीची लाट बोटापर्यंत पोहोचायला सुमारे ०.२ सेकंद लागतो. कानाशी थोडा कमी. त्यावर ब्लूटूथचा हेडफोन लावला की आवाज आणखी ०.१ ते ०.२ सेकंद उशिरा निघतो. नाडी मिनिटाला ७२ असेल तर दोन ठोक्यांत अंतरच ०.८३ सेकंदाचे, म्हणजे थाप जवळजवळ दोन ठोक्यांच्या मधोमध पडणार. तारेचा हेडफोन वापरायचे ठरले आणि पुढचा ठोका केव्हा येईल याचा अंदाज मागच्या अंतरांवरून बांधून थाप आधीच सोडायची असा प्रोग्राम मुलांनी लिहायला घेतला आहे.

७ मार्च

वाचन पुरे झाले, त्यातले कामाचे तेवढे येथे नोंदवितो.

इटलीतील हृदयतज्ज्ञ लुचानो बर्नार्दी यांच्या गटाने २००६ मध्ये २४ तरुणांवर, त्यांपैकी निम्मे गाणे-वाजविणे शिकलेले, वेगवेगळ्या संगीताचा परिणाम मोजला. त्यात भारतीय राग-संगीतही होते. द्रुत लयीने श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले. संगीताचा प्रकार कोणता यापेक्षा त्याची गती अधिक परिणाम करीत होती, आणि मध्येच ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत नाडी व रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली आले. याच गटाचा २००१ मधील अभ्यास आमच्या दृष्टीने त्याहून मोलाचा आहे. लॅटिनमधील ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि तेथे हृदयाच्या गतीतील चढउतार सर्वांत ठळक होतो, असे त्यांना दिसले.

सहाच का, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब ओळखणारी केंद्रे असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवितात आणि मेंदू व्हेगस चेतेच्या (मज्जातंतूच्या) मार्फत हृदयाला सावकाश करतो. पण रक्ताच्या दाबात त्याचा परिणाम दिसायला काही सेकंद जातात. या विलंबामुळे सुमारे १० सेकंदांचे एक नैसर्गिक आंदोलन तयार होते. श्वासही १० सेकंदांचा झाला की झोपाळ्याला योग्य वेळी टेकू मिळाल्यासारखे ते आंदोलन वाढत जाते. श्वास घेताना हृदय किंचित जलद, सोडताना किंचित संथ, हा फरक निरोगी माणसात असतोच. या गतीला तो सर्वांत मोठा होतो.

हृदयरोगाच्या रुग्णांना संगीत ऐकविण्याच्या प्रयोगांचा, वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०१३ चा आढावाही डॉक्टरांनी वाचायला दिला. चिंता कमी होण्यावर माफक लाभ असा त्याचा सूर आहे. माफक हा शब्द आम्ही सर्वांनी लक्षात ठेवायचा आहे.

१९ मार्च

ठोक्यागणिक थाप देणारा प्रोग्राम आज चालला. विद्यार्थ्यांपैकी मुलीच्या कानाला संवेदक लावून नाडी वाचली आणि आवाज महाराजांना ऐकविला. महाराज डोळे मिटून बसले होते. आलेखाचा पडदा त्यांच्याकडे पाठ करून ठेवला होता. थोड्या वेळाने त्यांचा हात हवेत वर-खाली होऊ लागला आणि ते म्हणाले, “सर, इथं लय चढायली बगा, आन् इथं उतरायली. पुन्हा चढायली.” त्यांचा हात वर जाई तेव्हा मुलगी श्वास घेत होती आणि खाली येई तेव्हा सोडत होती. पडद्यावरची अंतरे मिलिसेकंदांत अशी होती : ८१०, ७९०, ७७५, ८००, ८५०, ८९५, ९१०, ८८०, ८३५. जो चढउतार वैद्यकशास्त्र आलेखावर दाखविते तो मुरलेल्या कानाला नुसत्या थापांतून ऐकू आला, याचा मला फार आनंद झाला.

यातून एक निष्कर्ष निघतो. निरोगी हृदय घड्याळासारखे एकसारखे चालत नाही, आणि ठेका त्याच्याशी खरोखर जुळवायचा तर ठेक्यालाही तेवढे लवचीक राहावे लागेल. प्रत्येक ठोक्याबरोबर ठेका हलवला तर तो डळमळल्यासारखा वाटतो. सगळे सरासरीने सपाट केले तर त्यात नाडी उरत नाही. मागच्या सहा ठोक्यांच्या सरासरीवर मात्रा (तालाची एकेक मोजणी) ठेवून धुम्याची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाची, घुमारदार थाप तेवढी प्रत्यक्ष ठोक्यावर सोडावी, अशी तडजोड महाराजांच्या कानाला पटली.

संथ ठेक्याने नाडी खाली येते का, तेही लगोलग पाहिले. नाडीपेक्षा पाच-सहाने संथ ठेका लावून आम्ही सर्वजण आळीपाळीने बसलो. नाडी ठेक्याकडे ओढली गेली असे कोणाच्याही आलेखात दिसले नाही. ज्याचा श्वास लांबला त्याची नाडी उतरली, ज्याचा श्वास तसाच राहिला त्याची तशीच राहिली. हृदयाचा ठोका आपल्या हातात नाही, श्वास मात्र अर्धा हातात आणि अर्धा सवयीवर असतो. ज्याला वळविता येते त्यालाच संगीताने वळवावे.

३० मार्च

प्रकल्पाची दिशा आज ठरली, म्हणून ही नोंद सविस्तर लिहितो.

मात्रा नाडीची आणि आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा) श्वासाचे, हे सूत्र आम्ही धरले आहे. ठोका पुढे, ठेका त्याच्या मागे. पण ठेक्याचे एक पूर्ण आवर्तन साधारण १० सेकंदांत यावे आणि त्याने श्वासाला वाट दाखवावी. १० सेकंदांत किती ठोके पडतात ते काढायचे तर मिनिटाच्या नाडीला सहाने भागले की झाले. नाडी ६० असेल तर १० मात्रा येतात, म्हणजे झपताल. ७२ ला १२, म्हणजे तबल्यावर एकताल किंवा पखवाजावर चौताल. ८४ ला १४, म्हणजे दीपचंदी. ९६ ला १६, म्हणजे तीनताल. बसलेल्या माणसाच्या नाडीची नेहमीची व्याप्ती आपल्या रोजच्या तालांच्या मात्रांमध्ये अशी अलगद बसते हे फळ्यावर उतरल्यावर खोलीतले सगळेच काही वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिलो. यामागे काही गूढ आहे असे माझे म्हणणे नाही. गाणाऱ्याला एका श्वासात किती म्हणता येते यावर रचनेची लांबी बेतली जाणे स्वाभाविक आहे.

मधल्या आकड्यांना मोठा ताल घ्यायचा. नाडी ६६ असेल तर ११ मात्रा येतात. तेथे एकताल लावला की आवर्तन १०.९ सेकंदांचे होते, म्हणजे मिनिटाला साडेपाच श्वास. ७८ ला दीपचंदी लावली तरी जवळजवळ तेच. बैठकीत नाडी उतरत गेली तर आवर्तन आपोआप थोडे लांबते आणि ताल बदलावा लागत नाही. मध्येच ताल बदलणे ऐकणाऱ्याला दचकविते, म्हणून ते टाळायचेच.

श्वास कोठे घ्यायचा आणि कोठे सोडायचा, हे सांगण्याचे काम ‘खाली’, म्हणजे तालातली हलक्या आवाजाची जागा, करते. झपतालाची खाली सहाव्या मात्रेवर, दीपचंदीची आठव्या, तीनतालाची नवव्या, आणि एकतालात दोन खाली असल्या तरी दुसरी सातव्या मात्रेवर आहे. चारही ठिकाणी ती आवर्तनाच्या बरोबर मध्यावर येते. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, श्वास आत, खालीपासून बाहेर. झपतालात ‘धी ना धी धी ना’ झाल्यावर ‘ती ना’ येते तेव्हा डग्ग्याची घुमार थांबते आणि आवाज एकदम हलका होतो. हा हलकेपणा ऐकून खांदे सैल सोडावेसे वाटतात, मग ‘आता श्वास सोडा’ अशी सूचना मध्येच बोलण्याची गरज पडत नाही. त्याला जोड म्हणून तंबोऱ्याचा आवाज समेपासून हळूहळू चढवायचा आणि खालीपासून उतरवायचा. ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव याने १३ व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिताना मंद्र (खालच्या) नादाचे स्थान हृदयात सांगितले आहे. आम्हीही तंबोरा मंद्रातच ठेवला आहे, कारण कानाला तो टोचत नाही.

१२ एप्रिल

ध्वनिमुद्रण झाले. धुम्याला कणीक लावून ती उन्हाच्या झळेने वाळू लागली की स्वर चढायचा, म्हणून महाराजांना मध्ये मध्ये ओला हात फिरवावा लागत होता. लहान स्पीकरवर धुम्याची खोल थाप ऐकूच येत नाही; बैठक हेडफोनवरच घ्यायची.

२४ एप्रिल

गावातील ज्येष्ठांच्या बैठका सुरू केल्या. दुपारी पत्र्याखाली बसणे अशक्य असल्याने सकाळी सातची वेळ ठेवली आहे. माणसाला आरामात टेकवायचे, पाच मिनिटे नुसते शांत बसवायचे, मग कानाला चिमटा, नाडी पाहून ताल, वीस मिनिटे ठेका, आणि शेवटी दोन मिनिटे काहीच न वाजविता थांबायचे. बर्नार्दी यांच्या प्रयोगातील ती शांतता आम्ही मुद्दाम ठेवली आहे.

एका आजींना ठेका आपल्याच नाडीचा आहे हे समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “व्हय रं लेकरा, माज्या काळजावर मिरदुंग वाजायलाय म्हन की!” त्यांनी आयुष्यभर हरिपाठ म्हटलेला, दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनातच त्यांचा श्वास समेवर आला आणि आलेखात नाडीची मोठी, गोलाईदार लाट दिसू लागली. सर्वांचे असे होत नाही. मधुमेह जुना असलेल्या एका काकांच्या आलेखात श्वास नीट लांबूनही लाट अगदी उथळ राहिली. जुन्या मधुमेहात हृदयाकडे जाणाऱ्या चेता क्षीण होतात, हे डॉक्टरांनी त्या वेळी समजावले. वयानेही ही लाट कमी होते. म्हणून लाटेची उंची हे कोणाच्याही प्रगतीचे मोजमाप मानायचे नाही आणि दोघांचे आलेख शेजारी ठेवून तुलना करायची नाही.

एका मावशींना बैठक नकोशी झाली. आपले हृदय असे बाहेरून ऐकू आले की त्यांना भीतीच वाटू लागली. ज्यांना धडधडीची आधीच धास्ती असते त्यांचे लक्ष हृदयाकडे ओढले की ती धास्ती वाढते. त्यांची बैठक लगेच थांबविली, चहा झाला, आणि पुढच्या खेपेला त्यांना नुसता तंबोरा दिला. हृदयाचा कच्चा ‘लब-डब’ आवाज बैठकीत कधीच वापरायचा नाही, हा नियम झाला.

९ मे

डॉक्टरांनी आज नियमांची यादी बसून करविली. नाडी अनियमित पडत असेल तर बैठक घ्यायची नाही, आधी ईसीजी काढायला पाठवायचे. आमच्या यंत्राला ती नाडी ‘चुकीची’ वाटेल, पण चूक यंत्राची नसून तो आजाराचा इशारा असू शकतो. पेसमेकर असलेल्यांची नाडी बऱ्याचदा यंत्रच ठरविते, तेव्हा नाडीचा पाठलाग निरर्थक आहे. त्यांना ठरावीक गतीचा झपताल. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी मुळातच संथ असते हे ताल निवडताना ध्यानात ठेवायचे. श्वास सावकाश हवा, खोल ओढलेला नको. जोर लावून मोठे श्वास घेतले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. आणि कोणाचीही गोळी आमच्या सांगण्यावरून एक दिवसही चुकता कामा नये.

याला ‘उपचार’ म्हणायचे नाही, हाही त्यांचा आग्रह आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. माणसांवरील संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नैतिक समितीची परवानगी आणि समजेल अशा मराठीत लिहिलेले संमतिपत्र याशिवाय परिणामांचा कोणताही दावा करता येणार नाही. आपल्याकडे माणूस भिडेखातर ‘बरं वाटलं’ म्हणतो, आणि दवाखाना दूर असला की अशा ‘बरं वाटण्या’वर गोळ्या सोडून देतो. त्या भिडेपासून त्यांचे रक्षण करणे हे आमचे काम आहे. समितीकडे अर्ज दिला.

२६ मे

काल संध्याकाळी मंदिरात हरिपाठाला यंत्र घेऊन गेलो. स्वीडनमध्ये ब्योर्न विकहॉफ यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखविले की समूहगान करताना गायकांच्या हृदयगतीतील चढउतार एकाच वेळी होऊ लागतात, कारण ओळीच्या शेवटी सगळे एकदम श्वास घेतात. आपल्याकडे चालक ओळ म्हणतो आणि मागचे टाळकरी ती उचलतात. एका गटाचा उच्चार चालू असताना दुसऱ्याचा श्वास भरला जातो. घड्याळ लावून पाहिले तर ओळ आणि पालुपद मिळून आठ ते अकरा सेकंद जात होते. दोन टाळकऱ्यांच्या कानांना चिमटे लावले. टाळ वाजविताना अंग हलत असल्याने आलेखाचा बराच भाग वाया गेला, तरी जेथे तो स्वच्छ आहे तेथे दोघांच्या लाटा सोबत चढतात आणि सोबत उतरतात. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, पण हे काम पुढे न्यावे असे मनापासून वाटते. उभ्या माणसासाठी छातीचा पट्टा मिळवायला हवा.

१३ जून

परवानगी आली. आता खरी परीक्षा आखायची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सहा श्वास हा सर्वांचा आकडा नाही. पॉल लेहरर आणि एव्हगेनी वाशिलो या संशोधकांच्या पद्धतीत प्रत्येकाला मिनिटाला साडेसहापासून साडेचारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या श्वासाने उतरत प्रत्येक गतीवर दोन मिनिटे बसवितात आणि लाट सर्वांत मोठी कोठे होते ते पाहतात. आम्ही तेच मात्रांनी करू शकतो: ७२ च्या नाडीला एकतालात सहा श्वास बसतात, दीपचंदीत पाचाहून थोडे अधिक, तीनतालात साडेचार. प्रत्येकाचा ताल पहिल्या भेटीत असा ठरवून त्याच्या कार्डावर लिहायचा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वीस मिनिटे स्वस्थ टेकून बसल्यानेही रक्तदाब उतरतो, आणि पखवाज मुळातच आवडता असला तरी बरे वाटते. आमच्या जुळणीचा वेगळा वाटा काही आहे का, हे कळायचे तर प्रत्येकाला तीन प्रकारच्या बैठका द्याव्या लागतील: एक स्वतःच्या नाडीवर चालणाऱ्या ठेक्याची, एक तोच ताल पण आधी मुद्रित केलेल्या दुसऱ्याच्या नाडीवर चालणारा, आणि एक नुसत्या तंबोऱ्याची. पहिल्या दोहोंत फरक निघाला नाही तर संवेदक काढून टाकायचा आणि साध्या मोबाइलवर चालणारा १० सेकंदांच्या आवर्तनाचा ठेका गावोगाव द्यायचा, असे आम्ही आजच लिहून ठेवले आहे. त्यात लोकांचा फायदाच आहे.

बैठकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरेल. चिठ्ठ्या मुलगी काढेल आणि यंत्र तीच लावेल. कानी चालू आहे तो ठेका कोणाच्या नाडीचा हे ऐकणाऱ्याला सांगायचे नाही, आणि रक्तदाब घेणाऱ्या सिस्टरना त्या दिवशी कोणती बैठक झाली हेही कळू द्यायचे नाही.